पांजरपोळ, धर्मादाय आणि मांजर : खानदेशातील प्राणिरक्षणाचा पूर्वेतिहास

सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये तापीच्या खोऱ्यात पसरलेला खानदेश हा अनेक शतके व्यापाऱ्यांच्या येण्याजाण्याचा मुलूख होता. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल नवापूर, नंदुरबार, चोपडा, रावेर या गावांवरून बऱ्हाणपुरास पोचे आणि तेथून आग्र्याकडे जाई. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ साली याच बाजूने बऱ्हाणपुरास गेला होता. या वाटेवरच्या पेठांमध्ये गुजराती वाणी स्थिरावले, पुढे मारवाडातून ओसवाल आणि माहेश्वरी घराणी आली, आणि त्यांच्या वह्या-चोपड्यांबरोबर, तराजूबरोबर आणि देवघरांबरोबर त्यांचे दानधर्माचे रीतिरिवाजही या मातीत रुजले. निराधार जनावरांना बाजारपेठेने पोसण्याची रीत हा त्यांतलाच एक रिवाज होय.

जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत जखमी मांजरांवर उपचार करणे, त्यांना तात्पुरता आसरा देणे आणि नंतर त्यांच्यासाठी घर शोधणे हे काम आज नव्या पिढीचे मानले जाते. परंतु त्याच्या मुळाशी दोन जुने प्रवाह आहेत. पहिला प्रवाह पेठेचा असून त्याने जनावरांसाठी संस्था उभ्या केल्या आणि त्यांना नियमित उत्पन्न लावून दिले. दुसरा प्रवाह घराघरांतला असून त्याने मांजराला उंबरठ्याच्या आत जागा दिली आणि त्याची हत्या पातक ठरवली. खानदेशाच्या इतिहासात हे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहत राहिले, पण एकमेकांना फारसे मिळाले नाहीत. मांजराच्या वाट्याला आलेल्या आजच्या हालांचे एक मोठे कारण या दुराव्यात सापडते.

पांजरपोळ म्हणजे म्हातारी, लंगडी, आजारी किंवा धन्याने सोडून दिलेली जनावरे मरेपर्यंत सांभाळणारी धर्मादाय संस्था. काही ठिकाणी तिला पांजरापोळ असेही म्हणतात. तिचे मूळ प्रामुख्याने गुजरातेतील जैन आणि वैष्णव महाजनांच्या परंपरेत आहे; महाजन म्हणजे एका पेठेतील व्यापाऱ्यांची पंचायतवजा संघटना. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आलेल्या राल्फ फिच या इंग्रज प्रवाशाने खंबायत येथील लोक लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी रुग्णालये चालवतात अशी नोंद करून ठेवली आहे, आणि मांजराचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे हे येथे महत्त्वाचे ठरते. १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी त्याच शहरातील पक्ष्यांच्या रुग्णालयात गेला, तेव्हा एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध गृहस्थ आईवेगळ्या झालेल्या उंदराच्या इवल्या पिलांना कापसात ठेवून पिसाच्या टोकाने दूध पाजत असलेला त्याला दिसला. गुजरातेतील काही पांजरपोळांत धान्यातील किडे टाकण्यासाठी वेगळी खोलीही असे आणि तिला जिवातखाना म्हणत. प्राण्याची उपयुक्तता, त्याची किंमत किंवा त्याचे पावित्र्य यांपैकी काहीही न पाहता केवळ तो जीव आहे म्हणून त्याला आसरा देणे, हे मूळच्या पांजरपोळाचे तत्त्व होते. जैन परंपरेत त्यास जीवदया म्हणतात, आणि भयभीत जीवाला निर्भय करणे म्हणजे अभयदान हे तिथे श्रेष्ठ दान समजले जाते.

महाराष्ट्राच्या भूमीला ही वृत्ती परकी नव्हती. सोपारा येथे अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले असून, त्यांतील आठव्या लेखाचा विषय राजाने शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा आरंभिल्या हा आहे, तर नवव्या लेखात प्राण्यांविषयीच्या संयमाची गणना खऱ्या मंगल आचारात केलेली आहे. तेराव्या शतकातील श्रीचक्रधरांच्या आठवणी सांगणाऱ्या लीळाचरित्रात पारध्यांच्या तावडीतून सुटून स्वामींच्या आश्रयाला आलेल्या सशाला त्यांनी वाचवल्याची लीळा प्रसिद्ध आहे, आणि महानुभाव पंथाचा खानदेशात दीर्घकाळ प्रसार असल्यामुळे ती येथील अनेक घरांत ऐकली गेली असणार. तरीही संताने एका सशाला अभय देणे आणि पेठेने शेकडो जनावरांच्या रोजच्या चाऱ्याची तजवीज करणे या दोन गोष्टींत अंतर आहे. पहिलीला करुणा पुरेशी होते. दुसरीला करुणेबरोबर जागा, नोकर, हिशेब आणि न आटणारे उत्पन्न लागते. पांजरपोळाचे ऐतिहासिक महत्त्व त्याने ही दुसरी गोष्ट साध्य केली यात आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील पांजरपोळांना नवे बळ मिळाले ते मुंबईतील एका दंगलीनंतर. १८३२ साली पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी, जैन आणि हिंदू रहिवासी एकत्र येऊन रस्त्यावर उतरले आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. त्यानंतर १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि मोतीशा शेट यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ स्थापन झाले. त्याच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर ठरावीक लाग, म्हणजे स्वतःहून मान्य केलेली छोटी वर्गणी, बसवून घेतली. सरकारी आदेशाशिवाय, केवळ पेठेच्या शिस्तीवर चालणारा हा कर होता. व्यापार वाढला की जनावरांचा वाटाही आपोआप वाढे, आणि कोणा एका दात्याच्या लहरीवर संस्थेचे भवितव्य अवलंबून राहत नसे.

खानदेशात अशा व्यवस्थेला अनुकूल भूमी एकोणिसाव्या शतकात तयार झाली. १८१८ साली मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे कारभाराचे ठिकाण केले आणि तेथे नवी पेठ वसवून व्यापारी-कारागिरांना उत्तेजन दिले. १८६०च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळमार्गे पुढे गेली, त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदी कापसाला अपूर्व भाव आला, आणि जळगाव हे पाहता पाहता कापसाच्या गाठींचे गाव झाले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, म्हणजे सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी दाबणारे कारखाने, येथे उभे राहिले, आणि १८७०च्या दशकात मूळजी जेठा यांची कापडगिरणी सुरू झाली. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, तेव्हा जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे ठरली.

या पेठांमध्ये दानधर्माचे प्रमुख साधन होते ते धर्मादाय, ज्याला बोलीत धर्मादा म्हणतात. आडत्याच्या दुकानी कापूस, धान्य किंवा भुईमूग विकला गेला की हमाली आणि तोलाई यांच्या शेजारीच पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, धर्मादायाची एक छोटी रक्कम लिहिली जाई, आणि वर्षअखेरीस ती मंदिर, पाणपोई, पाठशाळा, धर्मशाळा किंवा पांजरपोळ यांच्याकडे वळवली जाई. आकाराने ही रक्कम इतकी लहान असे की देणाऱ्याला ती जाणवत नसे, परंतु हंगामभर शेकडो गाड्यांवरून जमा होताना ती संस्था उभ्या ठेवण्याइतकी मोठी होई. पैसा शेतकऱ्याच्या मालावरचा आणि हिशेब मात्र व्यापाऱ्याच्या वहीत, यामुळे तो ठरल्या कामीच खर्च होतो की नाही याविषयी तक्रारी होणे स्वाभाविक होते. १९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने कलम ५४ मध्ये या प्रथेला कायदेशीर चौकट दिली आणि असा पैसा गोळा करणारी व्यक्ती त्याची मालक नसून विश्वस्त असते, असे ठरवले. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हाथरसच्या एका कापूसगिरणीच्या प्रकरणात धर्मादायाची रक्कम हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे असा निर्णय दिला. पेठेतील एका जुन्या सवयीला कायद्याने दिलेली ही मान्यता प्राणिरक्षणाच्या इतिहासातही मोलाची आहे, कारण मुक्या जनावराचा हिस्सा हा उपकार नसून ठेव आहे, ही कल्पना तिच्यात गृहीत धरलेली आहे.

पांजरपोळाचे मूळचे व्यापक रूप मात्र पुढे टिकले नाही. पांजरपोळ आणि गोशाळा या दोन संस्थांमध्ये अभ्यासक फरक करतात : पांजरपोळात कोणताही जीव येऊ शकतो आणि त्याच्याकडून परताव्याची अपेक्षा नसते, तर गोशाळा गायीसाठी असते आणि तिच्यात दूधदुभत्यालाही स्थान असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वामी दयानंदांच्या प्रेरणेने सुरू झालेली गोरक्षणाची चळवळ देशभर पसरली आणि अनेक पांजरपोळांचे चित्त गायीकडे केंद्रित झाले. त्यात दुष्काळांची भर पडली. १८७६-७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा दुष्काळ आणि विक्रम संवतावरून छप्पनचा दुष्काळ म्हणून ओळखली गेलेली १८९९-१९०० ची आपत्ती यांत दख्खन, खानदेश आणि गुजरात येथील गुरेढोरे मोठ्या संख्येने मेली. चारा नाही म्हणून शेतकऱ्याने दावणीचा बैल सोडून द्यावा अशा काळात संस्थांची सारी शक्ती गुराढोरांवर खर्च होणे अपरिहार्य होते. १९७२ च्या दुष्काळातही गुरांच्या छावण्या हाच प्राणिरक्षणाचा मुख्य प्रकार राहिला, आणि १९७६ चा महाराष्ट्र प्राणी रक्षण कायदा व त्यातील २०१५ पासून लागू झालेली दुरुस्ती यांनंतर बैल आणि वळू यांचाही भार गोशाळांवर आला. जळगावातील पांजरपोळ संस्था, किंवा सराफीतील प्रसिद्ध व्यावसायिक रतनलाल बाफना यांनी शाकाहाराच्या प्रसाराबरोबरच कुसुंबा येथे उभी केलेली मोठी गोशाळा, ही खानदेशातील या परंपरेची दृश्य रूपे आहेत. त्यांचे कार्य आदरास पात्र आहे. मात्र खंबायतच्या रुग्णालयात ज्या मांजराला जागा होती, ते मांजर या साऱ्या घडामोडींत संस्थेच्या दाराबाहेर राहिले.

दाराबाहेर राहिलेल्या मांजराला घराने मात्र आत घेतले होते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा इत्यादींच्या हत्येबद्दल प्रायश्चित्त सांगितलेले आहे, आणि मराठी घरांत त्याचे लोकरूप असे झाले की मांजर मारणाऱ्याने सोन्याचे मांजर करून काशीला अर्पण करावे तेव्हाच ते पाप फिटते. सामान्य कुटुंबाला हे प्रायश्चित्त परवडणारे नव्हते, आणि त्याचा खरा उपयोगही धाक म्हणूनच होता. दुसरीकडे मांजर आडवे गेले की काम बिघडते अशी समजूत त्याच घरांत नांदत होती. एकाच प्राण्याविषयी भय आणि संरक्षण यांची अशी सांगड बसण्यामागे शेतीचे अर्थकारण होते. ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या खानदेशात वर्षभराचे धान्य कणगीत, म्हणजे बांबूच्या विणलेल्या आणि शेणामातीने लिंपलेल्या मोठ्या पात्रात, किंवा पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यात साठवले जाई. कणगीच्या तळाशी उंदराने पाडलेले भोक म्हणजे कुटुंबाच्या महिन्याभराच्या भाकरीचा तोटा होता. त्यामुळे शेजारच्या घरी मांजर व्याली की एखादे पिलू मागून आणणे ही सर्वत्र रूढ असलेली रीत होती. त्यात पैशाची देवघेव नसे, आणि मागणारे घर कसे आहे हे देणाऱ्या बाईला ठाऊक असे. आज ज्याला दत्तक घेणे म्हणतात, त्याचे हे लेखी कागदाविना चालणारे जुने रूप होय. त्याची काळी बाजूही होती : ज्यांना घर मिळत नसे ती पिले पोत्यात घालून वेशीबाहेर किंवा नदीपलीकडे सोडली जात. हत्येचे पातक टळल्याचे समाधान माणसाला मिळे, पण पिलाचे मरण त्याने टळत नसे.

मांजराच्या उपयुक्ततेला वैद्यकाने गांभीर्याने घेतले ते प्लेगच्या काळात. १८९६ साली मुंबईत प्रकटलेला हा रोग रेल्वेच्या मार्गाने आणि धान्य-कापसाच्या व्यापाराबरोबर इलाख्यात पसरला आणि खानदेशातील गावांनाही त्याने सोडले नाही. लोक घरे सोडून शेतात झोपड्या बांधून राहू लागले. उंदरावरील पिसवांमार्फत रोग पसरतो हे पॉल-लुई सिमोंद याने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले आणि पुढच्या दशकात हिंदुस्थानातील प्लेग संशोधन मंडळाने त्यास पुष्टी दिली. खानदेशाला लागून असलेल्या वऱ्हाडात, अमरावती येथे सिव्हिल सर्जन असलेले लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन यांनी या शोधाचा धागा पुढे नेऊन गावोगावच्या मांजरांची संख्या आणि प्लेगचा प्रादुर्भाव यांची तुलना केली. घरांच्या मानाने मांजरे पुष्कळ असतील तेथे प्लेग कमी दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. प्लेग मांजरालाही होतो आणि क्वचित त्याच्याकडून माणसालाही होतो, हे नंतरच्या वैद्यकाने स्पष्ट केल्यामुळे त्या निष्कर्षाला मर्यादा पडतात. तथापि ज्या प्राण्याकडे शकुन-अपशकुनाच्या नजरेने पाहिले जात होते, त्याच्याकडे सार्वजनिक आरोग्याच्या नजरेने पाहण्याचा हा महाराष्ट्रातील एक आरंभीचा प्रयत्न होता, आणि तो खानदेशाच्या शेजारच्या मुलखातून, तशाच कापूस पिकवणाऱ्या गावांतून झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

याच सुमारास प्राण्यांविषयीचे कायदे आकार घेत होते. कोलकात्यात १८६१ साली आणि मुंबईत १८७४ साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या मंडळ्या निघाल्या, मुंबईत परळ येथे दिनशा पेटिट यांच्या औदार्यातून बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, त्यालाच जोडून १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि १८९० साली प्राणिक्रूरता प्रतिबंधाचा पहिला देशव्यापी कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या कलम ११ नुसार उपासमार किंवा तहान यांनी हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सबळ कारणाशिवाय सोडून देणे हा गुन्हा आहे, म्हणजे पोत्यात घालून पिले वेशीबाहेर टाकण्याच्या जुन्या पळवाटेला कायद्याने अटकाव केला. कलम ३५ मध्ये तर पीडित प्राण्याला पांजरपोळात पाठवण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याला देऊन, पेठेने घडवलेल्या संस्थेला राष्ट्रीय कायद्यात स्थान दिले गेले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीव प्राण्यांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले, आणि २०१४ साली नागराज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भूक, भीती व वेदना यांपासून प्राण्यांना मुक्तता असावी हे तत्त्व मान्य केले.

कायदा असा पुढे जात असताना घराचा मांजराशी असलेला जुना करार मात्र मोडत गेला. मातीच्या भिंती आणि कणग्या जाऊन सिमेंटची घरे, पत्र्याच्या कोठ्या आणि महिन्याच्या महिन्याला येणारे धान्य आले. उंदरासाठी झिंक फॉस्फाइडसारखी विषे बाजारात मिळू लागली आणि ती खाऊन मेलेला उंदीर मांजराच्याही जिवावर उठू लागला. मांजराचे काम गेले, पण त्याची वंशवृद्धी थांबली नाही. मांजरी साधारण पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून एकाहून अधिक वेळा पिले देते. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो त्या दिवसांत जन्मलेली पिले गच्चीच्या कोपऱ्यात किंवा बंद दुकानाच्या पत्र्याखाली तहानेने कासावीस होतात, आणि मांजरी अन्नाच्या शोधात वाहनाखाली सापडली तर सारे वेतच दगावते.

अशा पिलांना वाचवण्याची रीत जुन्या पांजरपोळापेक्षा वेगळी असावी लागते. गाय किंवा बैल कळपात राहू शकतो आणि त्याला मरेपर्यंत संस्थेत सांभाळणे शक्य असते, परंतु मांजर आपली हद्द राखून राहणारा प्राणी आहे, आणि अनेक मांजरे एका पिंजऱ्यात कोंडली तर ताणाने व संसर्गाने ती आजारी पडतात. पॅनल्यूकोपेनिया हा विषाणुजन्य रोग तर एका पिलापासून साऱ्या खोलीत पसरतो. म्हणून मांजरांचा निवारा हा कायमचा मुक्काम न ठेवता घर मिळेपर्यंतचा टप्पा ठेवणे इष्ट होय. नव्या पिलाला काही दिवस वेगळे ठेवणे, गायीच्या दुधाने त्याला अनेकदा जुलाब होतात म्हणून पिलांसाठीचे तयार दूध कोमट करून पाजणे, जंताचे औषध आणि लसी देणे, वयात येताच नर असो वा मादी निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करणे, आणि आठ आठवडे पूर्ण होण्याआधी आईपासून न तोडणे, ही या टप्प्याची कामे आहेत. दत्तक घेणाऱ्या कुटुंबाकडूनही काही गोष्टींची खात्री घ्यावी लागते : घरातील सर्वांची संमती आहे का, खिडक्यांना जाळी आहे का, गावी जाताना मांजराची सोय कोण करणार, आणि ते आजारी पडल्यास पशुवैद्याचा खर्च सोसला जाईल का. पूर्वी शेजारीण मनातल्या मनात जी पारख करी, तीच आज प्रश्नांच्या रूपाने करावी लागते, कारण शहरात देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत.

या कामाला पैसा लागतो आणि तो नियमित लागतो, हा धडा खानदेशाच्या पेठांनी फार पूर्वी गिरवला आहे. आज मांजरांसाठी झटणारी मंडळी बहुधा स्वतःच्या पगारातून किंवा ओळखीच्यांच्या मदतीतून शस्त्रक्रियांचा खर्च भागवतात. उन्हाळ्यात पिलांची संख्या वाढते तेव्हा त्यांचे हात अपुरे पडतात, आणि एखादा कार्यकर्ता थकला की त्याच्याबरोबर कामही थांबते. धर्मादायाच्या पद्धतीने ही अडचण दूर केली होती : दान लहान, पण प्रत्येक व्यवहारावर, आणि जमा एका हातात, पण तो हात मालकाचा नसून विश्वस्ताचा. धान्याच्या, दाण्याच्या आणि कापसाच्या ज्या बाजारांनी मांजराच्या श्रमाचा शतकानुशतके लाभ घेतला, त्यांनी आपल्या धर्मादायातील काही भाग मांजरांच्या निर्बीजीकरणासाठी आणि उपचारासाठी लावून देणे हे परंपरेला धरूनच होईल. जुन्या पांजरपोळांनी आपल्या आवारात एखादी हवेशीर, वेगळी खोली मांजरांसाठी उघडली, तर मूळच्या जीवदयेच्या तत्त्वाकडेच ती संस्था परत वळेल.

खानदेशाने पेठेच्या बळावर जनावरांची संस्था चालवून दाखवली आहे आणि घराच्या मायेवर मांजराला जगवून दाखवले आहे. पेठेकडून शिस्तशीर उत्पन्न आणि घराकडून एका पिलाला कायमची जागा, एवढी जोड मिळाली तर आजचा निवारा भरून वाहणार नाही आणि रिकाम्या हातीही राहणार नाही. सोन्याचे मांजर काशीला वाहण्याचे प्रायश्चित्त कोणालाच परवडणारे नव्हते. रस्त्यावरच्या जिवंत मांजराच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलणे, स्थानिक निवाऱ्याला दरमहा ठरावीक रक्कम देणे आणि पिलू विकत घेण्याऐवजी तेथून घरी आणणे हे मात्र जळगाव-धुळ्यातील असंख्य कुटुंबांना आज सहज शक्य आहे, आणि ते करणे हा या प्रदेशाच्या दानपरंपरेचा सरळ, न्याय्य विस्तार आहे.